इब्ने खल्दून : ऐकीव गोष्टीला तराजू लावणारा काझी

आम्ही शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. मागच्या वर्षी दहावीच्या एका मुलाने मोबाईलवर आलेला एक मेसेज वर्गात आणला. कुठल्याशा जुन्या लढाईची गोष्ट होती. आपल्या बाजूचे मूठभर आणि समोर पाच लाखांची फौज, असा तो मजकूर. मुलं खूश होती. आम्ही फळ्यावर साधा हिशोब मांडला. माणशी अर्धा किलो धान्य धरलं तरी रोजचे अडीच लाख किलो झाले. एका बैलगाडीत पाच क्विंटल धरले, तर रोज पाचशे गाड्या नुसत्या धान्याच्या. जनावरांचा चारा वेगळा, पाणी वेगळं. एवढं सगळं त्या माळावर कुठून आलं असेल? वर्ग शांत झाला. मग एका मुलीने विचारलं की टीचर लोकांनीच असं केलं तर आपल्या मुलांना अभिमान वाटायचा कशाचा?

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नव्हतं. म्हणून आम्ही त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि एका माणसाची गोष्ट सांगितली. हाच हिशोब साडेसहाशे वर्षांपूर्वी मांडणारा माणूस आपल्यातलाच होता. त्यांचं नाव अब्दुर्रहमान इब्ने खल्दून. दहावीच्या पुस्तकातला पहिला धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्य परंपरेचा आहे. त्यात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके ही नावं मुलं पाठ करतात. धड्याचं नावच पाश्चात्य परंपरा, त्यामुळे ट्युनिसच्या माणसाची अपेक्षा तिथे ठेवता येत नाही. ती गोष्ट घरी नाहीतर अशा एखाद्या लेखातच सांगावी लागते.

प्लेगने पोरकं केलेला विद्यार्थी

इब्ने खल्दून यांचा जन्म रमजान ७३२ हिजरी, म्हणजे मे १३३२ मध्ये ट्युनिस शहरात झाला. घराणं मूळचं यमनकडच्या हजरमौतचं. पुढे अंदलुसमधल्या सेव्हिल शहरात या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मानाची पदं भूषवली. १२४८ मध्ये सेव्हिल ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं. त्याच्या आधीच खानदान समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आलं होतं. म्हणजे हातचं राज्य जाणं आणि वाडे-जमिनी मागे सोडून निघणं या गोष्टी त्यांनी लहानपणापासून घरातच ऐकल्या. राज्यं का पडतात, हा प्रश्न त्यांना किताबातून सुचला नसावा.

वडील विद्वान होते, राजकारणापासून दूर राहून अभ्यासात रमलेले. मुलाने कुरआन हिफ्ज केलं. हदीस, मालिकी फिकह आणि अरबी व्याकरण शिकून घेतलं. १३४७ मध्ये मोरोक्कोच्या मरीनी सुलतानाने ट्युनिस जिंकलं, आणि त्याच्याबरोबर मोठमोठे उलेमा शहरात आले. त्यात अल्-आबिली नावाचे उस्ताद होते. गणित आणि तर्कशास्त्र या विषयांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दलील कशी मांडायची आणि कशी तपासायची, हे इब्ने खल्दून त्यांच्याकडून शिकले.

आणि मग १३४८-४९ चा प्लेग आला. आई गेली, वडील गेले, कितीतरी उस्ताद गेले. तेव्हा त्यांचं वय अवघं सोळा-सतरा वर्षांचं. या साथीने पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची गावं ओस पाडली. जणू दुनियाच बदलली, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. आणि दुनिया बदलली असेल तर तिचा हिशोबही नव्याने मांडायला हवा, हा विचारही तिथूनच त्यांच्या मनात पक्का झाला. कोरोनात ज्या मुलांनी आई-बाप गमावले, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

दरबार, तुरुंग आणि उंदराची गोष्ट

वयाच्या विशीत त्यांना ट्युनिसच्या दरबारात नोकरी मिळाली. सरकारी फर्मानांवर अल्लाहची स्तुती करणारं ठरावीक वाक्य सुंदर अक्षरात लिहायचं, एवढंच काम. पद मानाचं, पण मन रमेना. ते मोरोक्कोतल्या फास शहरात सुलतान अबू इनानच्या दरबारी गेले.

याच दरबारातली एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. प्रसिद्ध प्रवासी इब्ने बतूता हिंदुस्तानातून परत येऊन फासमध्ये पोचले होते. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक, म्हणजे आपल्या देवगिरीला दौलताबाद करून राजधानी तिकडे हलवणारा तोच सुलतान, त्याच्या गोष्टी ते सांगत. सुलतान मोहिमेवर निघाला की शहरातल्या लोकांची मोजदाद करून सहा महिन्यांचा शिधा द्यायचा. परतला की यंत्रांतून नाण्यांच्या थैल्या लोकांवर उधळायचा. दरबारातले लोक हळूच हसत. गडी थापा मारतो, असं त्यांचं मत झालं.

तरुण इब्ने खल्दून यांनाही तसंच वाटलं, आणि त्यांनी ते वजीराजवळ बोलून दाखवलं. वजीराने त्यांना सांगितलं की केवळ आपण पाहिलं नाही म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरवू नये. मग त्याने एक गोष्ट सांगितली. एका वजीराला सुलतानाने वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलं. त्याचा मुलगा तिथेच वाढला. जेवणात मांस आलं की मुलगा विचारी, हे कशाचं? बाप सांगे, बकरीचं. बकरी कशी असते, हे तो परोपरीने समजावी. मुलगा म्हणे, म्हणजे उंदरासारखीच ना? गाईचं, उंटाचं मांस आलं तरी त्याचा प्रश्न तोच. कारण त्या कोठडीत उंदराशिवाय दुसरं जनावर त्याने पाहिलंच नव्हतं.

इब्ने खल्दून यांनी ही शिकवण आयुष्यभर जपली आणि आपल्या किताबात नोंदवून ठेवली. ऐकलेलं लगेच खरं मानू नका, हा अर्धा नियम झाला. आपल्या कोठडीत दिसत नाही म्हणून लगेच खोटंही मानू नका, हा दुसरा अर्धा. दोन्हींच्या मध्ये तपासणीची जागा आहे.

थोड्याच दिवसांत ते स्वतःच कोठडीत गेले. बिजाया शहराचा गादीवरून उतरलेला अमीर अबू अब्दुल्लाह तेव्हा फासमध्ये नजरकैदेत होता. त्याच्याशी मिळून कट केल्याच्या आरोपावरून १३५७ मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी तिथे काढली. १३५८ च्या अखेरीस सुलतान वारला, तेव्हा कुठे सुटका झाली.

एका दरबारातून दुसऱ्या दरबारात

पुढची पंधरा-सोळा वर्षं सरळ रेषेत सांगता येत नाहीत, कारण ती तशी गेलीच नाहीत. १३६२ च्या अखेरीस ते ग्रॅनाडाला गेले. तिथला सुलतान मुहम्मद पाचवा आणि त्याचा विद्वान वजीर लिसानुद्दीन इब्नुल खतीब यांनी मोठं स्वागत केलं. १३६४ मध्ये सुलतानाने त्यांना कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा पेद्रो याच्याकडे वकील म्हणून पाठवलं. पेद्रोचा दरबार सेव्हिलमध्ये होता. ज्या शहरातून वाडवडील निघाले, तिथे ते पाहुणे म्हणून पोचले. पेद्रोने त्यांना तिथेच राहायला सांगितलं आणि खानदानाची जुनी जमीन परत देऊ केली. त्यांनी अदबीने नकार दिला.

१३६५ मध्ये तोच अबू अब्दुल्लाह पुन्हा बिजायाच्या गादीवर बसला आणि त्याने इब्ने खल्दून यांना हाजिब, म्हणजे कारभाराचा प्रमुख केलं. डोंगरातल्या बर्बर कबिल्यांकडून कर वसूल करायला ते स्वतः जात. वर्षभरात अबू अब्दुल्लाह चुलतभावाशी लढताना मारला गेला. शहरातल्या काही लोकांना लढत राहायचं होतं. इब्ने खल्दून यांनी मात्र शहर विजेत्याच्या हवाली केलं. पुढे ते बिस्क्राला राहिले, वेगवेगळ्या सुलतानांसाठी कबिल्यांची कुमक जमवत राहिले, आणि सुलतान बदलला की त्यांची बाजूही बदलत गेली.

हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खुशामत हा इतिहासाचा रोग आहे, असं सांगणारा माणूस अर्धं आयुष्य दरबारात वावरला आणि अनेकदा जिंकणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्यांच्या वागण्यावर त्यांच्या काळातही टीका झाली आणि आजही होते. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कर कसा गोळा होतो, फौज का पळते, वजीर का मारला जातो, हे त्यांनी दुरून ऐकलेलं नव्हतं. आज संशोधक ज्याला प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन केलेला अभ्यास म्हणतात, तो त्यांचा असा नोकरीतच घडला. किंमतही मोजावी लागली. दोस्त इब्नुल खतीब यांचा १३७४ मध्ये फासच्या तुरुंगात खून झाला. पुढे भाऊ याह्या, तोही इतिहासकार, तिलिमसानमध्ये मारला गेला.

किल्ल्यातले पाच महिने

१३७५ मध्ये पुन्हा एका सुलतानाने कबिल्यांकडे जाण्याचं काम दिलं. ते निघाले, पण मध्येच रस्ता बदलून औलाद आरिफ या कबिल्याच्या आश्रयाला गेले. कबिल्याने त्यांना कुटुंबासह आजच्या अल्जीरियातल्या कलअत इब्ने सलामा या किल्ल्यात ठेवून घेतलं. तिथे ते सुमारे चार वर्षं राहिले. ना दरबार, ना मोठं कुतुबखाना. तिथेच १३७७ मध्ये, पाच महिन्यांत, त्यांनी मुकद्दमाचा पहिला मसुदा पुरा केला.

मुकद्दमा म्हटलं की आपल्या मुलांना कोर्टकचेरी आठवते. इथे अर्थ प्रस्तावना असा आहे. किताबुल इबर या सात खंडांच्या जगाच्या इतिहासाची ती प्रस्तावना. पण ही प्रस्तावनाच एवढी मोठी आणि एवढी नवी निघाली की आज दुनिया मूळ इतिहासापेक्षा तिलाच जास्त ओळखते. आणि खरं सांगायचं तर त्यात कोर्टासारखाच मुकदमाही आहे. बातमी आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि काझी तिला प्रश्न विचारतोय.

बातमी तपासायची कशी?

त्यांनी आधी बातमीत खोटेपणा कसा शिरतो, याची कारणं मांडली. आपल्या गटाची, आपल्या मताची बाजू घेणं हे पहिलं. सांगणाऱ्यावर आंधळा भरवसा ठेवणं हे दुसरं. सांगणाऱ्याला घटनेचा हेतूच न कळणं, बड्या लोकांची मर्जी राखण्यासाठी त्यांची वाहवा करणं, हीही कारणं आहेत. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे समाजाचा स्वभाव माहीत नसणं. माणसांची वस्ती कशी चालते, काय घडू शकतं आणि काय घडूच शकत नाही, हेच ठाऊक नसेल तर तपासणार कशाच्या आधारावर?

हदीसच्या अभ्यासात रावी, म्हणजे सांगणारा, विश्वासू आहे की नाही हे पाहण्याची पक्की पद्धत आपल्याकडे आहे. इब्ने खल्दून स्वतः मालिकी फकीह होते, ही पद्धत त्यांना पुरेपूर ठाऊक होती आणि शरीयतच्या हुकुमांसाठी ती योग्यच आहे, असं ते मानत. पण लढाया आणि राज्यं यांच्या बातम्यांसाठी त्यांनी आणखी एक पायरी सांगितली. सांगणारा कसा आहे हे पाहण्याआधी गोष्ट मुळात शक्य आहे का, ते पाहा. शक्यच नसेल तर सांगणारा कितीही नेक असला तरी उपयोग नाही.

उदाहरण त्यांनी मोठं घेतलं. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्याबरोबर बनी इस्राईलचे सहा लाखांहून जास्त लढवय्ये होते, असं मसूदी आणि इतर इतिहासकार सांगत आले. इब्ने खल्दून यांनी हिशोब मांडला. हजरत याकूब अलैहिस्सलाम आपल्या लोकांसह मिसरमध्ये आले तेव्हा ते सत्तरच्या आसपास होते. तिथून मूसांपर्यंत चार पिढ्या. चार पिढ्यांत सत्तरचे एवढे लाख कसे होतील? आणि एवढी फौज एका मैदानात उभी केली, तर एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळणार तरी कसं? शिवाय इराणचं साम्राज्य कितीतरी मोठं, तरी कादिसियाच्या लढाईत त्यांची फौज एक लाख वीस हजारच सांगितली जाते. फौजा आणि खजिने यांचे आकडे लोक फुगवतातच, कारण ते तपासायला कोणी येत नाही, असा त्यांचा अनुभव होता. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं तर सांगितलेल्याच्या दहावा हिस्साही निघत नाही, असं त्यांनी नोंदवलं आहे.

इथे एक बारीक मुद्दा आहे. त्यांनी हजरत मूसांवर शंका घेतली नाही. शंका घेतली ती इतिहासकारांच्या आकड्यावर. श्रद्धा आणि आकडा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं.

चार सिद्धांत आणि एक कसोटी

राज्य म्हणजे काय, यावर त्यांच्या आधीही भरपूर लिहिलं गेलं होतं. फाराबींसारख्या फलसफ्याच्या विद्वानांनी आदर्श नगर कसं असावं, ते सांगितलं. बगदादचे मावर्दी यांनी खलीफा कसा निवडावा, त्याच्या अटी आणि त्याची कर्तव्यं काय, हे कायद्याच्या भाषेत बांधलं. तुर्तूशींसारख्यांनी बादशहांसाठी नसीहतीचे किताब लिहिले. हे सगळं राज्य कसं असावं याबद्दल होतं. इब्ने खल्दून यांचा प्रश्न वेगळा होता. राज्य असतं कसं, उभं कशावर राहतं आणि पडतं का?

त्यांचं उत्तर होतं असबियत. उर्दू कानाला हा शब्द खटकतो, कारण तअस्सुब त्याचाच भाऊबंद. त्यांनाही ही अडचण ठाऊक होती. हदीसमध्ये जिची निंदा आहे ती नाहक गोष्टीसाठी केलेली गटबाजी, असं ते सांगतात. त्यांना म्हणायचं आहे ते म्हणजे एकमेकांसाठी मरायला तयार असलेल्या माणसांची एकी. रक्ताचं नातं, एकत्र सोसलेल्या हालअपेष्टा, करार, दीन, यांतून ती तयार होते. तिच्याशिवाय राज्य मिळत नाही, एवढंच काय, एखादी दीनी चळवळही उभी राहत नाही.

या कसोटीवर त्यांनी आधीचे सिद्धांत एकेक करून घासले. फलसफी म्हणत, पैगंबर असल्याशिवाय माणसाचा समाज चालणारच नाही. इब्ने खल्दून म्हणाले, आसपास पाहा. ज्यांच्याकडे आसमानी किताब नाही अशांचीही राज्यं आहेत, आणि असे लोक संख्येने जास्त आहेत. म्हणून नबुव्वत खरी असली तरी ती या दलीलीने सिद्ध होत नाही. तुर्तूशी म्हणत, फौज म्हणजे पगारी शिपाई. इब्ने खल्दून म्हणाले, हे उतरत्या राज्याचं चित्र आहे. तुर्तूशींनी अंदलुसचा पडता काळ पाहिला म्हणून त्यांना तसं वाटलं. राज्य स्थापन करणारे पगारी नसतात.

सगळ्यांत नाजूक विषय होता खलीफा कुरैशचाच हवा, या अटीचा. बहुतेक उलेमांनी ती मान्य केली होती. बाकिल्लानींसारख्यांनी ती सोडली होती. इब्ने खल्दून यांनी विचारलं, या अटीमागचं कारण काय? त्यांचं उत्तर असं की त्या काळात कुरैशची असबियत सगळ्यांत मजबूत होती, सगळे अरब तिच्यापुढे मान तुकवत. म्हणजे खरी अट जबाबदारी पेलण्याच्या ताकदीची. ज्या काळात ती ज्याच्याकडे असेल, तो पात्र. एका फकीहने एवढ्या मोठ्या वादात कारण शोधून उत्तर काढावं, याला हिंमत लागते.

तीन पिढ्यांचं राज्य

असबियतवर राज्य मिळालं की ऐशआराम येतो. पहिली पिढी कष्टाची, दुसरी आठवणीवर जगणारी. तिसऱ्या पिढीला ते कष्ट ठाऊकच नसतात. ती भाड्याच्या फौजेवर विसंबते. चाळीस वर्षांची एक पिढी धरून त्यांनी राज्याचं वय साधारण एकशेवीस वर्षं ठरवलं. चाळीस हा आकडा बनी इस्राईलच्या वाळवंटातल्या भटकंतीवरून घेतला. गुलामीत वाढलेली पिढी सरून नवी ताठ मानेची पिढी यायला तेवढा काळ लागला, असा त्यांचा अर्थ.

करांबद्दल त्यांचं निरीक्षण तितकंच मार्मिक आहे. राज्य नवं असतं तेव्हा कराचा दर कमी आणि वसुली जास्त. राज्य म्हातारं होतं तेव्हा दर जास्त आणि वसुली कमी, कारण कसणाऱ्याला आणि विकणाऱ्याला कष्ट करावेसेच वाटत नाहीत. १९८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी करकपातीची बाजू मांडताना त्यांचं नाव घेतलं होतं. पण त्याच किताबात राज्यकर्त्याने स्वतः व्यापारात उतरून रयतेची भाकर काढून घेऊ नये, फुकट राबवून घेणं हा मोठ्या जुलमांपैकी एक आहे आणि जुलूम वस्ती उजाड करतो, असंही आहे. आपल्याला हवं तेवढंच पान उघडण्याची सवय सगळीकडेच असते.

त्यांच्या पद्धतीने त्यांनाही तपासायला हवं. मुवह्हिदांनी ११४७ मध्ये मराकेश घेतलं आणि १२६९ मध्ये ते मरीनींनी त्यांच्याकडून घेतलं. एकशेबावीस वर्षं, म्हणजे हिशोब जमतो. पण अब्बासी खिलाफत ७५० पासून १२५८ पर्यंत या ना त्या रूपात टिकली. यावर ते म्हणतात की अब्बासी पुढे इराणी, तुर्क आणि इतरांच्या असबियतवर उभे होते, नाव तेवढं त्यांचं. खुलासा पटण्यासारखा आहे, पण अपवादांसाठी खुलासे वाढत गेले की सिद्धांत सैल होतो, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवं. शिवाय त्यांनी जवळून पाहिलं ते मुख्यतः मगरिबचं राजकारण. आणि स्वतःच्या मोठ्या इतिहासात त्यांनी आपलीच कसोटी सगळीकडे लावली नाही, ही टीकाही खरी आहे. अती उष्ण आणि अती थंड मुलुखातल्या लोकांबद्दल त्यांनी लिहिलेलं काही आज मान्य करता येत नाही. पण त्याच ठिकाणी काळा रंग हा हजरत नूह यांच्या शापामुळे आला, ही सांगोवांगी त्यांनी साफ नाकारली आणि कारण हवामानात शोधलं. बरोबर आणि चूक, दोन्ही एकाच पानावर आहेत. दोन्ही वाचावीत.

कैरोचा काझी, तैमूरचा पाहुणा

१३७८ मध्ये ते ट्युनिसला परतले. किताबाला कुतुबखान्यांचा आधार हवा होता. पण तिथे हितशत्रू वाढले. १३८२ मध्ये हजला जातो असं सांगून ते जहाजात बसले आणि मिसरला उतरले. कैरो पाहून ते थक्क झाले. अल्-अझहरमध्ये त्यांनी शिकवलं. १३८४ मध्ये सुलतान बरकूकने त्यांना मालिकी काझी नेमलं. खोटे साक्षीदार आणि अर्धवट मुफ्ती यांच्यावर त्यांनी कडक हात उगारला. वशिले चालेनासे झाले, तक्रारी सुरू झाल्या.

त्याच वर्षी बायको-मुलं ट्युनिसहून त्यांच्याकडे यायला निघाली. इस्कंदरियाजवळ जहाज बुडालं. सोळा-सतरा वर्षांचे असताना आई-वडील गेले होते, पन्नाशी ओलांडल्यावर घर गेलं. काझीपदही लवकरच सुटलं. १३८७ मध्ये त्यांनी हज केला. पुढे ते पुन्हा काझी झाले, पुन्हा काढले गेले. असं एकूण सहा वेळा त्यांना ते पद मिळालं. कपडे मात्र त्यांनी शेवटपर्यंत मगरिबी पद्धतीचेच घातले.

१४०१ च्या सुरुवातीला तैमूरने दमिश्कला वेढा दिला होता. तरुण सुलतान फरज फौज घेऊन तिथे गेला आणि कैरोत बंड होणार या धास्तीने परत फिरला. इब्ने खल्दून शहरात अडकले. सत्तरीच्या जवळ आलेले हे बुजुर्ग दोरांच्या साहाय्याने तटावरून खाली उतरले आणि तैमूरला भेटायला गेले. महिनाभर भेटी होत राहिल्या. तैमूरने मगरिबची सगळी माहिती विचारली, त्यांनी ती बारा लहान जुडग्यांत लिहून दिली. कुरआनची प्रत, जानमाज, कसीदा बुर्दाची प्रत आणि मिसरी मिठाईचे चार डबे त्यांनी भेट दिले. तैमूरने त्यांची खेचर विकत मागितली. अडकून पडलेल्या मिसरी अंमलदारांसाठी त्यांनी अमान मागून घेतला. दमिश्क मात्र वाचलं नाही. शहर लुटलं गेलं, उमय्या मशिदीला आग लागली, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलं.

ज्या असबियतचा सिद्धांत त्यांनी किल्ल्यात बसून मांडला, तिचं सगळ्यांत भयंकर रूप त्यांनी असं समोर बसून पाहिलं. परतीच्या वाटेवर लुटारूंनी त्यांना लुबाडलं. कैरोला पोचल्यावर तैमूरकडून खेचरीचे पैसे आले. परक्या सुलतानाकडून पैसे घेतल्याचा ठपका नको म्हणून ते त्यांनी आपल्या सुलतानाला कळवूनच घेतले. रमजान ८०८, म्हणजे मार्च १४०६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्या वेळी ते काझीपदावरच होते. बाबुन्नस्रच्या बाहेर सूफींच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं.

त्या मुलीचं उत्तर

तुर्कांनी पुढे त्यांचा किताब मन लावून वाचला. एकोणिसाव्या शतकात तो कैरो आणि पॅरिसला छापला गेला, १९५८ मध्ये फ्रान्झ रोझेन्थाल यांचा तीन खंडांचा इंग्रजी तर्जुमा आला. उर्दूतही तर्जुमे आहेत. ज्यांना उर्दू वाचता येतं त्यांनी तो घरी आणावा. निदान पहिली शंभर पानं मुलांबरोबर बसून वाचावीत.

तर त्या मुलीला आम्ही काय सांगितलं? पाच लाखांचा आकडा गेला तर जाऊ द्या. तो खोडणारा माणूस आपल्याला मिळाला, त्याचा अभिमान धरा. आई-वडील प्लेगमध्ये, घर समुद्रात आणि दोस्त तुरुंगात गमावूनही ज्याने आपल्याच लोकांच्या लाडक्या गोष्टीचा हिशोब मागायचं सोडलं नाही, तो माणूस आपला आहे. त्याच्या चुका सांगायलाही आपण घाबरू नये, कारण ती रीत त्यानेच शिकवली.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आणखी एक मेसेज घेऊन आला. या वेळी त्याने आकड्यांखाली पेन्सिलीने हिशोब करून आणला होता. भागाकार चुकला होता, पण तो आम्ही लगेच दुरुस्त करून दिला.